मॅडम, डबा चालू आहे

मॅडम, नमस्कार.

मेहनताना घेतला नाहीत. पापलेट दिली, ती "होस्टेलवर कोण साफ करणार" म्हणून परत केलीत. आणि एसटीत चढता चढता सांगितलंत, आभारच मानायचे असतील तर यंत्रांचे आकडे मोबाइलवर दाखवणाऱ्या डब्याचं हे काम कसं झालं ते इतर बोटवाल्यांना समजेल असं लिहा. हर्णैजवळच्या पाजपंढरीच्या माणसाला कागद-पेन घेऊन बसवणं ही शिक्षाच, पण तुमचा शब्द मोडवत नाही. म्हणून पत्र सगळ्यांसमोर ठेवतोय.

आधी अडचण सांगतो, कारण ती एकट्या आमची नाही. बोटीवर जीपीएस आहे, मासे आणि पाण्याची खोली दाखवणारा फिश फाइंडर आहे, वायरलेस आहे. तिन्ही केबिनमध्ये. पाण्याची खोली दिसते सुकाणू धरलेल्याला, आणि ती ज्याला हवी असते तो उभा असतो नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला. हर्णैच्या बोटी उघड्या समुद्रात नांगरतात. वादळाचा बावटा लागला की आंजर्ल्याच्या खाडीत शिरावं लागतं, आणि त्या मुखाशी गाळ साठलेला. वाळू यंदा इकडे, तर पुढच्या पावसाळ्यानंतर कुठे सरकेल याचा नेम नाही. आमचे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, माझे मामाच. ते नाळेवरून पाण्याचा रंग बघतात, पुतण्या केबिनमधून आकडा ओरडतो, आणि इंजिनाच्या आवाजात तो मधल्यामधे नाहीसा होतो. दुकानात विचारलं तर म्हणाले, सगळी यंत्रं एकाच कंपनीची नवी घ्या, मग बाहेर दुसरा स्क्रीन जोडता येईल. किंमत ऐकली आणि चहा न पिताच निघालो.

तुम्ही पहिल्यांदा आलात ते मासेमारी बंदीच्या दिवसांत, जूनमध्ये, बोट शाकारून वर ओढलेली असताना. आल्या आल्या पिशवीतून काही काढलं नाहीत. फिश फाइंडरचं मॅन्युअल मागितलंत. होतं माझ्याकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, न उघडलेलं. मग केबलच्या टोकाला टेप गुंडाळून सोडून दिलेल्या दोन वायरी दाखवल्यात आणि म्हणालात, "हे यंत्र घेतल्या दिवसापासून बोलतंय. ऐकायलाच कुणी नव्हतं."

त्या वायरींतून येतो तो साधा मजकूर. एनएमईए ०१८३ नावाची ही बोली अमेरिकेत १९८३ साली ठरली, माझ्या लग्नाच्याही आधी, आणि यंत्रं अजून तीच बोलतात. वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे जेमतेम ४८० अक्षरं. त्या वायरींतली प्रत्येक ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. मग कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय, मग स्वल्पविराम टाकत आकडे, शेवटी चांदणी आणि पडताळणीची दोन अक्षरं. ती जुळली नाहीत तर ओळ टाकून द्यायची. बोट जमिनीवर होती, त्यामुळे त्या दिवशी खोलीच्या ओळीत नुसते स्वल्पविराम आले. खरी ओळ वाचली ती ऑगस्टात, बोट पाण्यात उतरल्यावर. तुम्ही लॅपटॉपवर खोलीची, म्हणजे 'एसडीडीबीटी'ची ओळ थांबवलीत आणि मामांपुढे धरलीत: ३६.०, मग ११.०, मग ६.०. पहिला आकडा फुटांत, दुसरा मीटरमध्ये. तिसरा फॅदममध्ये, म्हणजे सहा फुटांचा एक, म्हणजे आमचा वाव.

मामांनी आयुष्यभर दोन हात पसरून दोरी मोजली आहे. फिश फाइंडरकडे ते बघत नसत, कारण तो मीटरमध्ये दाखवायचा आणि मीटर हे पोरांचं काम. सहा वाव पाणी यंत्रालाही माहीत आहे म्हटल्यावर ते जरा वेळ गप्प बसले, आणि मग विचारलं, "मग इतकी वर्षं सांगत का नव्हता मेला?" तुम्ही हसलात. मला मात्र तिथेच कळलं की हे काम बोटीवर टिकणार.

आता डब्याचं. त्याच्या आत आहे रास्पबेरी पाय. हा छोटा संगणक मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून २०१२ साली इंग्लंडमध्ये निघाला. आपला २०१६ सालच्या मॉडेलचा, थ्री बी, त्यात वायफाय आतच आहे. एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमधून उरलेला तुम्ही अर्ध्या किमतीत मिळवून दिलात. बोटवाल्यांनो, हे नीट ऐका: फिश फाइंडरच्या वायरी थेट या बोर्डाला जोडायच्या नाहीत. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या पुढे सोसत नाहीत. मध्ये ऑप्टोकपलर लागतो. त्यात संदेश प्रकाशाने पलीकडे जातो, विजेचा संबंध राहत नाही. तो किरकोळ किमतीत मिळतो आणि तो टाळणाऱ्याचा बोर्ड जळतो.

वीज हा दुसरा घोळ. स्टार्टर मारला की बॅटरी खाली बसते, संगणक मध्येच बंद पडतो आणि मेमरी कार्ड खराब होतं. तुम्ही बॅटरीवरून पाच व्होल्ट देणारा चांगला कन्व्हर्टर बसवलात आणि कार्ड असं करून ठेवलंत की चालताना त्यावर काही लिहिलंच जात नाही. मग माझ्यासमोर चालू डब्याची वायर उपटलीत. पुन्हा लावलीत, पुन्हा उपटलीत. माझ्या छातीत धस्स होत होतं, डबा मात्र दरवेळी उठून बसत होता.

डब्याचं स्वतःचं वायफाय आहे. मोबाइल त्याला जोडला की ब्राउझरमध्ये खोली, वेग, दिशा दिसते. सिग्नल के नावाचा फुकटचा प्रोग्रॅम ते काम करतो. नकाशाचं ॲप असेल तर त्याला १०११० नंबरच्या पोर्टवर त्याच मूळ ओळी मिळतात. आमची बोट लाकडी, त्यामुळे नाळेपर्यंत सिग्नल नीट पोचतो. भानगड वेगळीच निघाली. या वायफायला इंटरनेट नाही, म्हणून मोबाइल त्याला सोडून टॉवर शोधायला पळतो. खोल समुद्रात टॉवर नसतो तेव्हा सगळं सुरळीत. किनारा जवळ आला, म्हणजे नेमकी खाडीत शिरायची वेळ झाली, की व्हॉट्सॲप टणटणायला लागतं आणि खोली गायब. तुमच्या सांगण्यावरून एक जुना मोबाइल सिमकार्ड काढून फक्त मामांसाठी ठेवलाय. प्लॅस्टिकच्या पिशवीत, गळ्यात. आकडा मोठ्ठा, वावांत.

आसपासची जहाजं मोबाइलवर दाखवायचं काम तुम्ही मी न मागता केलंत. टीव्ही बघायचा यूएसबी डोंगल आणि एक अँटेना, एवढ्यावर. मोठी जहाजं १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवर आपलं नाव, जागा, वेग, दिशा सतत सांगत असतात, चालती असली तर दर काही सेकंदांनी. आमच्या पट्ट्यात जयगडला येणारी कोळशाची जहाजं, दाभोळचे गॅसचे टँकर, मुंबईकडे जाणारी कंटेनरवाली. रात्री जाळं टाकून बसलेलं असताना एवढं धूड आपल्याकडे येतंय की बाजूने जाणार, हे दिव्यांवरून ठरवणं फार जिकिरीचं. आता डबा जहाजांचं ते बोलणं ऐकतो आणि मोबाइल सांगतो, किती मिनिटांत किती जवळून जाईल. वायरलेसवर जहाजाला नावाने हाक मारता येते, आणि नावाने मारलेल्या हाकेला उत्तर येतं.

पण डब्यावर तुम्ही मार्करने लिहून ठेवलंत: "हा फक्त ऐकतो." त्याबद्दल तुमचे सगळ्यात जास्त आभार. खलाशी पोरांना वाटायला लागलं होतं की आपल्याला जहाज दिसतं म्हणजे जहाजालाही आपण दिसतो. तसं नाही. मस्तुलावरचा दिवा आणि जागा माणूस पूर्वीइतकेच लागतात. तुम्ही हे पोरांना एकेकाला विचारून वदवून घेतलंत, वर्गात घेता तसं.

आणि शेवटच्या खेपेला तुम्ही डबा उघडलात, एक वायर सैल केलीत, आणि केबिनबाहेर जाऊन बसलात. पुतण्याने लॅपटॉप लावला, ओळी बघितल्या, जीपीएसच्या येतायत पण खोलीच्या नाहीत हे ओळखलं आणि वायर शोधून आवळली. तोवर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मामा वैतागले होते, "बाई सांगत का नाही?" म्हणून. आता तोच पोरगा बंदरात डॉक्टर झालाय.

शेजारच्या दोघांना असाच डबा हवाय. एकाचं जमेल, पुतण्या बघेल. दुसऱ्याचा फिश फाइंडर फार जुना आहे, मागे डेटाच्या वायरीच नाहीत, फक्त विजेची आणि ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली मोजणाऱ्या भागाची. त्याला नवा घ्यायला सांगायचं, की खोलीचं यंत्र तेवढं वेगळं बसवता येतं? सवडीने कळवा. आणि येणार असाल तर आधी सांगा, पापलेट साफ करून ठेवतो.

आपला,
पाजपंढरीचा एक बोटमालक