घरट्यांची छायाचित्रे नकोत

माण-खटाव परिसरातील वसंत ऋतूतल्या पक्षीनिरीक्षण सहलींविषयीचा रविवारच्या पुरवणीतील लेख आवडला. मात्र त्यात टिटवीच्या अंड्यांचे जवळून छायाचित्र कसे घ्यावे, याबद्दल दिलेल्या सूचनांना माझा ठाम आक्षेप आहे. टिटवी उघड्या माळावर, खडे-मातीत मिसळून जाणारी साधारणतः चार अंडी घालते आणि तिच्या विणीचा हंगाम मार्चपासूनच सुरू होतो. आपल्या दुष्काळी पट्ट्यात चैत्र-वैशाखातील दुपारी जमीन इतकी तापते की, अंडी उबवण्यापेक्षा ती थंड राखणे हेच पालक पक्ष्यांचे मुख्य काम असते. त्यासाठी ते अंड्यांवर सावली धरून उभे राहतात आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंड्यांना ओलावा देतात. अशा वेळी कॅमेरा घेऊन कोणी जवळ बसले, तर पक्षी घिरट्या घालत ओरडत राहतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात. पिल्लू अंड्यातच मरण्यास एवढे कारण पुरेसे आहे. चंडोल आणि धाविक याच माळावर जमिनीवरच अंडी घालतात, त्यांनाही हाच धोका आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये 'शिकार' या संज्ञेत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे, हे सहल आयोजकांनी तरी लक्षात घ्यायला हवे. मायणी, येरळवाडीच्या पाण्यावरील पक्षी दुरून, मोठ्या लेन्सने अवश्य टिपावेत. आपल्या वृत्तपत्रानेही घरट्यांची छायाचित्रे व त्यांची ठिकाणे यापुढे छापू नयेत, ही विनंती.

– एक पक्षीनिरीक्षक, वडूज (जि. सातारा)