गरोदर आणि लेकुरवाळ्या विद्यार्थिनींबाबत

सर्व प्राध्यापक सदस्यांना नमस्कार.

हजेरी कमी म्हणून कुणा गरोदर किंवा लेकुरवाळ्या विद्यार्थिनीचा परीक्षा फॉर्म परस्पर अडवू नका, ही कळकळीची विनंती. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२१ मध्येच पदवी-पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी प्रसूती रजा आणि हजेरीत सवलतीचे नियम करायला विद्यापीठांना कळवलं आहे, पीएच.डी.ला तर २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. बऱ्याच मुलींना हे माहीतच नसतं, आपणच सांगायला हवं.

मागच्या परीक्षेत एकीची आई तान्ह्याला घेऊन तीन तास जिन्याच्या पायरीवर बसली होती. पेपर सुटल्यावर लेकीने तिथेच ओढणीआड बाळाला पाजलं. फार वाईट वाटलं. या वेळी लेडीज रूमची किल्ली शिपाईमामांकडे ठेवली आहे, ती मागून घ्यावी. गरोदर मुलींची बैठक व्यवस्था तळमजल्यावरच करावी.