'गेट' उलगडून दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

असं उघड पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, हे माहीत आहे. वर्गात कुणी कौतुक करायला लागलं की तुम्ही लगेच फळा पुसायला घ्यायचात. पण समोर उभा राहिलो की माझा घसा दाटतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय इंग्रजीतल्या त्या एका क्रियापदानं छळलेले माझ्यासारखे पुष्कळ असणार, त्यांच्याही नजरेला हे पडू दे.

ते क्रियापद म्हणजे 'गेट'. शाळेत त्याचा अर्थ एका ओळीत उरकला होता : मिळणे, मिळवणे. त्या ओळीच्या भरवशावर नोकरीला लागलो आणि ईमेल यायला लागले. 'गेट इट डन.' 'आय विल गेट बॅक टु यू.' 'लेट्स गेट गोइंग.' 'इट्स गेटिंग लेट.' यात मिळतंय काय, आणि कुणाला? उशीर मिळतोय?

तुमच्याआधी मी आणखी एका वर्गात गेलो होतो. नाव घेत नाही. तिथे पहिल्याच दिवशी हातात झेरॉक्सचा तक्ता आला : गेट अप म्हणजे उठणे, गेट ओव्हर म्हणजे सावरणे, गेट अलाँग म्हणजे पटणे, गेट बाय म्हणजे कसंबसं भागवणे, गेट अवे विथ म्हणजे करून सवरून नामानिराळं राहणे. पाठ करा, पुढच्या वेळी विचारीन. मी विचारलं, एकाच शब्दाचे इतके अर्थ होतात तरी कसे? उत्तर आलं, "इंग्रजीत असंच असतं." वर्ग हसला, सरही हसले. दुसऱ्या एका जाणकारांनी तर निकालच देऊन टाकला : 'गेट' हा आळशी लोकांचा शब्द, चांगल्या इंग्रजीत 'ऑब्टेन', 'रिसीव्ह', 'बिकम' असं लिहावं. असेल. पण मला येणारे ईमेल चांगल्या इंग्रजीत येत नव्हते, त्याला मी काय करणार?

तोच प्रश्न मी तुम्हाला विचारला तेव्हा मनातून पुन्हा हसं व्हायची तयारी ठेवूनच आलो होतो. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. खडू माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मला मराठी येत नाही असं समजा. 'लागणे' शिकवा." आणि तुम्ही समोरच्या बाकावर जाऊन बसलात.

मी लिहीत गेलो. भूक लागली. ठेच लागली. दिवा लागला. निकाल लागला. पत्ता लागला. यायला वेळ लागला. पाऊस पडायला लागला. नाइलाजानं जावं लागलं. तो माझा मामा लागतो. औषध कडू लागतं. डोळा लागला. गाडी लागली, म्हणजे ती येऊन उभी राहिली, आणि मला गाडी लागते, म्हणजे मळमळतं. तुम्ही मध्येच हात वर केलात : "डोळा लागला म्हणजे डोळ्याला दुखापत झाली का?" वर्ग हसला, पण या वेळी माझ्यावर नाही. मी समजावून सांगत होतो! फळा भरला तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "हे सगळं पाठ कधी केलंत?"

हा प्रश्न चांगला होताच, पण मी आभार मानतोय ते त्यासाठी नव्हे. वर्ग सुटल्यावर तुमची वही बाकावर उघडी राहिली होती. तिच्यात तुम्ही माझी सगळी वाक्यं उतरवून घेतली होती. वर तारीख, डावीकडे समास, एकाखाली एक, एखादा विद्यार्थी लिहून घेतो तशी. 'डोळा लागणे'पुढे मी सांगितलेला अर्थ माझ्याच शब्दांत होता. ते वर्गाला दाखवायचं नाटक असतं, तर नुसतं बाकावर बसून भागलं असतं. वहीत लिहायची गरज नव्हती, कुणी बघतही नव्हतं. इतक्या वर्षांत इंग्रजीच्या वर्गात मी बोललेलं काही कुणाला लिहून ठेवावंसं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं. आज हे लिहितानाही डोळे भरून येतात, त्याला माझा इलाज नाही.

मग तुम्ही 'गेट'ची गाठ सोडवलीत. 'बी' आणि 'हॅव' स्थिती सांगतात, 'गेट' त्या स्थितीत येणं सांगतं. 'आय ॲम टायर्ड', मी थकलेला आहे. 'आय गॉट टायर्ड', मी थकलो. 'ही इज ॲट होम', तो घरी आहे. 'ही गॉट होम', तो घरी पोचला. 'आय हॅव द की', किल्ली माझ्याकडे आहे. 'आय गॉट द की', ती हाती आली. विनोद कळत नव्हता तो कळला, तरी 'आय गॉट इट'. आधी नव्हतं, आता झालं. बाकी वस्तू असो, जागा असो की मनाची अवस्था. उशीर 'मिळत' नाही, होत असतो. तक्त्यातला 'गेट अप'सुद्धा त्यात बसला : आडवा होता तो उभा झाला.

आणि हा बदल दुसऱ्याकडून घडवून आणायचा असेल तरीही 'गेट'च. 'गेट इट रिपेअर्ड', दुरुस्त करून घे. 'गेट हिम टु साइन', त्याला सही करायला लाव. 'लाव' म्हणताना तुम्ही फळ्यावरच्या 'लागणे'कडे नुसतं बोट दाखवलंत. नोकरीतून काढलं ही बातमी 'वॉज फायर्ड'मध्येही आहे, पण 'गॉट फायर्ड' म्हटलं की ते त्या माणसावर ओढवल्याचं ऐकू येतं. सगळ्यात मजा आली ती या जोडीची : 'आय गेट टु गो' म्हणजे मला जायला मिळतं, आणि 'आय हॅव गॉट टु गो' म्हणजे मला जावं लागतंय. एका 'हॅव'नं चैनीची सक्ती होते.

जिथे नियम लंगडा पडला तिथे तुम्ही तो रेटला नाहीत, हेही लक्षात आहे. 'आय हॅव गॉट अ कार' यात बदल कुठे आहे? नाही, म्हणालात. मिळवल्याचं मागे पडलं आणि नुसतं जवळ असणं उरलं. म्हणून अमेरिकेत नव्यानं घेतलेल्या गाडीसाठी 'हॅव गॉटन' म्हणतात. हे जुनं रूप ब्रिटनमध्ये जवळजवळ गेलं, तिकडे टिकलं.

हा शब्द इंग्रजांनी स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेतून उचलला, तिथे तो 'गेता' होता, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्याचं घरचं भावंड इंग्रजीत आधीपासून होतं, पण एकटं नव्हे, जोडशब्दांत. 'फर्गेट' त्यातलाच, म्हणजे हाती असलेलं निसटणं. माझ्या पाठांतराचं नेमकं हेच व्हायचं.

आणि जॉन्सन! १७५५ साली जवळजवळ एकट्याच्या बळावर इंग्रजीचा एवढा मोठा शब्दकोश उभा करणारा माणूस प्रस्तावनेत तक्रार करतो, की काही क्रियापदांनी माझं काम फार वाढवलं, त्यांचे अर्थ इतके सैल आणि मूळ कल्पनेपासून इतके दूर गेलेले, की माग काढणं कठीण. त्या यादीत 'गेट' आहे, 'टेक', 'पुट', 'सेट', 'रन'ही आहेत. हे ऐकून मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! आळशी शब्द म्हणणाऱ्या त्या जाणकारांना मात्र ऑग्डेन यांचं 'बेसिक इंग्लिश' दाखवायला हवं. १९३०मध्ये त्यांनी ८५० शब्दांत इंग्रजी बसवली, त्यात क्रियापदं ठेवली जेमतेम १८. 'गेट' त्यांत आहे. 'ऑब्टेन' नाही.

विद्वान पुष्कळ भेटतात, बाई. आपल्याला येतं ते समोरच्याला येत नाही, यात त्यातल्या बऱ्याच जणांना गोडी वाटते. तुमच्यासारखी माणसं समोरच्याला काय येतं तिथून सुरुवात करतात. यासाठी पदवी लागत नाही, थोडी माणुसकी लागते आणि बाकावर बसायची तयारी.

आता 'टेक'कडे वळलोय. 'घेणे' धरून बसलो नाही, वाक्यं जमवतोय. 'इट टेक्स टाइम'पाशी 'वेळ लागतो' आपोआप आलं, पण 'टेक ऑफ' म्हणजे विमान उडणं आणि 'टेक ऑफ' म्हणजे कोट काढणं, या दोघांचं नातं काही केल्या जुळत नाही. रविवारी सवड असेल तर वही घेऊन येतो.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
मागच्या बाकावरचा विद्यार्थी