चुन्याचे पट्टे ओढलेल्या काठीबद्दल सुभेदार साहेबांचे जाहीर आभार

माननीय सुभेदार साहेब,

सप्रेम नमस्कार. मुलाच्या लांब पल्ल्याच्या रायफल सरावासाठी मापनरेषांचा, म्हणजे रेटिकलचा, स्पॉटिंग स्कोप (गोळी कुठे लागली हे नेमबाजाच्या शेजारून पाहणाऱ्या स्पॉटरची दुर्बीण) निवडताना आपण जी मदत केलीत, तिचे आभार मी तोंडी मानू लागलो तेव्हा आपण भाताच्या उताऱ्याचा विषय काढलात. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

दुकानात मी ६० पट मोठ्या चित्रालाच भुललो होतो. पसंत न पडल्यास परत करण्याच्या बोलीवर तो स्कोप येळ्ळूरला आणला आणि आपल्याला दाखवला, एवढे एकच शहाणपण माझ्या हातून घडले. भातकापणी झालेल्या आमच्या शिवारात आपण टेपने २०० मीटर मोजलेत आणि दर १० सेंटिमीटरवर चुन्याचा पट्टा ओढलेली मीटरभर लांबीची काठी उभी केलीत. एक मिल म्हणजे १००० मीटरवर १ मीटर, तेव्हा ही काठी ५ मिल भरली पाहिजे, असे सांगून आपण मला डोळा लावायला लावलात. ४० पटीवर ती बरोबर ५ भरली. मग आपण झूमचे चाक २० वर आणलेत आणि ‘आता वाचा’ एवढेच म्हणालात. काठी अडीच मिल! उंचीचे मीटर गुणिले १००० भागिले मिल, या हिशेबाने जागची न हललेली काठी ४०० मीटरवर जाऊन उभी राहिली होती. झूम फिरवल्यावर चित्र लहानमोठे होते, पण त्या स्कोपातल्या रेषा होत्या तेवढ्याच राहतात आणि त्यामुळे त्यांचे माप एकाच पटीवर खरे असते, हे माहितीपत्रकात कुठेतरी छापलेले असेलही. मला ते काठीने सांगितले.

‘मग नेहमी ४० वरच वाचीन,’ असे मी म्हणालो, तेव्हा आपण वाद न घालता मला अकरा वाजेपर्यंत बसवून ठेवलेत. ऊन चढले, जमिनीवरची हवा उकळू लागली आणि चुन्याचे पट्टे पाण्यात पडल्यासारखे एकमेकांत मिसळले. पट २५ वर उतरवल्यावरच ते पुन्हा निरनिराळे दिसले. झूमबरोबर रेषाही वाढणारा स्कोप का हवा, हे त्या दोन तासांत समजले. कमी पटीवर त्याच्या रेषा फार बारीक दिसतात, ही त्याची उणीवही आपण आधीच सांगितली होती आणि ती खरी आहे. तरीही अखेर तोच घेतला.

दुसरी चूक आपण बोलता बोलता टाळलीत. मुलाच्या रायफलवरच्या दुर्बिणीचे क्लिक, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चाकाचे टप्पे, पाव मिनिटाचे (मिनिट म्हणजे कोनाच्या अंशाचा साठावा भाग) आणि मी घेत असलेले रेटिकल मिलचे, म्हणजे ३०० मीटरवर गोळी १५ सेंटिमीटर खाली लागली की मी ‘अर्धा मिल’ म्हणणार आणि त्याने मनात ३.४४ ने गुणून मिनिटे काढायची आणि त्यांचे सात क्लिक शोधायचे. घरी मराठी आणि कचेरीत कन्नड हे आपण बेळगावकर निभावून नेतो, पण नेमबाज आणि स्पॉटर यांची भाषा एकच हवी, हे आपले म्हणणे मुलाला फार आवडले. आता रेटिकल मिनिटांचेच आहे. चूक किती सेंटिमीटर हे मी विचारतच नाही. रेषांवर मोजतो आणि तोच आकडा सांगतो, कारण कोनातली चूक सुधारायला अंतर लागतच नाही.

तिकाटणे जड घ्या आणि पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागू नये म्हणून स्कोप सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवा, या आपल्या दोन्ही सूचना पाळल्या आहेत. आपली काठी अजून आमच्या पडवीत आहे. पावसाने तिच्यावरचा चुना गेला आहे. नवे पट्टे ओढून, पुढच्या कापणीनंतर शिवार मोकळे झाले की ती परत आणून देतो.

आपला नम्र,
येळ्ळूरचा एक स्पॉटर बाप