डॉक्टर मॅडम, तुम्ही खर्च आधी सांगितला

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतं, "नाव टाकाल तर लोक रविवारीही घरी येतील." तेव्हा नाव नाही, पत्ता नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता यावं असंच लिहितोय, कारण नंदनवनातल्या माझ्या दुकानासमोर उभं राहून कोणी ना कोणी विचारतंच, "भाऊ, कुत्र्याचा डॉक्टर चांगला कोणता?" आणि हातातली मोटर तशीच ठेवून मला पूर्ण रामायण सांगावं लागतं.

आमची कुत्री राणी गोचीड-तापातून वाचली, पुढे तिचं ऑपरेशनही नीट झालं, आणि या सगळ्यात आमच्या घरावर उधारी चढली नाही. पहिल्या दोन गोष्टींसाठी तुमचे आभार मानणारे पुष्कळ असतील. मला तिसरीसाठी मानायचे आहेत.

मे महिना म्हणजे आम्हा वाइंडिंगवाल्यांचा सीझन. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की अख्ख्या नागपूरचे कूलर एकदम बंद पडतात आणि दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. त्याच दिवसांत राणीनं खाणं सोडलं. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडून असायची. उन्हानं नागपुरातलं कोणतं कुत्रं मे महिन्यात पडून नसतं! पण एका रात्री आई ओरडली, "काहून वं, नाकातून रक्त येऊन राहिलं हिच्या!"

त्या रात्री आधी आम्ही दुसरीकडे गेलो होतो. चकचकीत जागा. तिथं सांगितलं, भरती करा, सगळ्या टेस्ट करू, एवढे पैसे जमा करा. काय झालं असेल, विचारलं तर, "रिपोर्ट आल्यावर सांगू." त्यांचं चुकलंच असेल असं मी म्हणत नाही. नाकातून रक्त येणारं जनावर भरती करायला सांगणं गैर नाही. पण मी पैसे कशाचे देऊन राहिलो हे मला समजेना, आणि समजावून सांगायला तिथं कोणाला वेळ नव्हता. सकाळी शेजारच्या काकूंनी तुमचा दवाखाना दाखवला.

तुम्ही राणीला आधी हात लावला, मग मला प्रश्न विचारले, आणि मग पेन उचललं. ओठ उचलून हिरड्या पाहिल्या, त्या कागदासारख्या पांढऱ्या. कान उलटा केला, पायाच्या बोटांमधली फट उघडली, तिथल्या गोचिडी मलाही दाखवल्या. वजन केलं. मग औषधाच्या चिठ्ठीचा कागद उलटा करून तुम्ही तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं "आजच लागेल", दुसऱ्यावर "थांबता येईल", तिसऱ्यावर "कदाचित लागेल". प्रत्येकात काय आणि त्यापुढे किती रुपये. तो कागद मी अजून दुकानातल्या काचेखाली ठेवलाय.

पहिल्या रकान्यात दोनच तपासण्या होत्या, रक्ताची साधी तपासणी आणि कानाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची काचपट्टी. महागडी किट तिसऱ्या रकान्यात होती. मी विचारलं, ती आधीच का नाही? तुम्ही म्हणालात की लक्षणं समोर दिसताहेत, प्लेटलेट्स कमी निघाल्या तर उपचार तसाही सुरू करावाच लागेल. काचपट्टी मात्र हवी, कारण गोचिडीमुळे होणारे ताप एकाहून जास्त आहेत. एर्लिचिया असेल तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालतात, पण बेबेसिया निघाला तर औषधच वेगळं. म्हणजे ज्या तपासणीनं औषध बदलणार होतं तिचे पैसे आधी, आणि जिनं फक्त नाव पक्कं होणार होतं ती मागे. एवढं साधं गणित मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं, माणसांच्या दवाखान्यातसुद्धा नाही.

कुत्र्याच्या प्लेटलेट्स साधारण २ लाखांच्या वर हव्यात. राणीच्या चाळीस हजारांच्याही खाली होत्या. तुम्ही आकडा लपवला नाही आणि त्याची भीतीही घातली नाही. म्हणालात, "नाक पुन्हा वाहिलं तर रात्र असो की पहाट, फोन करा. नाही वाहिलं तर घरीच ठेवू, भरतीचे पैसे वाचवा."

गोळ्या तुम्ही साध्या मेडिकलमधून आणायला सांगितल्या. तुमच्या कपाटात त्याच औषधाचा जनावरांसाठीचा महागडा डबा दिसत होता, तरी. वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली, खाल्ल्यावरच द्यायची हे दोनदा सांगितलं, आणि चार आठवड्यांचा कोर्स मधेच सोडायचा नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. ते बरं केलंत. आठवडाभरातच राणी गल्लीतल्या पोट्ट्यांच्या मागे धावायला लागली आणि घरात ठराव झाला की आता गोळ्या कशाला. तुमच्या नावाची धमकी देऊन मी तो ठराव हाणून पाडला.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. राणीचं अंग दुखत असेल म्हणून आमच्या एका पाहुण्यानं घरातली अंगदुखीची गोळी अर्धी करून द्यायला सुचवलं होतं. तुम्ही सांगितलं की माणसांच्या अशा गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि इथं तर प्लेटलेट्स आधीच तळाला गेलेल्या. मांजरीला तर तापाची साधी पॅरासिटामॉलसुद्धा जीवघेणी ठरते. आणि सावजीचा रस्सा! रविवारी उरलेला रस्सा पोळीत कुस्करून राणीला देणं हा आमच्याकडचा लाडाचा प्रकार होता. तुम्ही हसून म्हणालात, "कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो. हिच्याकडे त्या आधीच कमी आहेत, आणि तुम्ही तिला सावजी वाढताय!" आता बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन आधी तिचं बाजूला निघतं, मग आमच्या फोडणीला हात लागतो. शिजवलेली हाडं बंद.

गोचिडींचं तुम्ही सांगितलेलं मला सगळ्यात उपयोगी पडलं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या गोचिडी म्हणजे थोडा भाग. बाकीच्या घरात असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, चौकटीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसत्या कुत्र्यावर औषध टाकत राहिलं तर महिन्यामागून महिना खर्चच होत राहतो. आम्ही भेगा सिमेंटनं भरल्या, दारामागची रिकाम्या पोत्यांची चळत फेकली, राणीचं गोणपाट गरम पाण्यातून काढलं. पाठीवर टाकायचं औषध तुम्ही सांगितलेल्या वजनाच्या मापाचंच आणतो. मोठ्या कुत्र्याचं आणून अंदाजानं वाटून टाकू नका, हे तुमचं सांगणं मी आता गिऱ्हाइकांनाही ऐकवतो. मोटर घ्यायला आलेला माणूस गोचिडीचं व्याख्यान ऐकून जातो.

माझ्या धंद्यातही हेच आहे, म्हणून मला ते लवकर उमजलं. गिऱ्हाइकाला काही कळत नाही, मशीन काही बोलत नाही. पाचपन्नास रुपयांचा कंडेन्सर गेला असला तरी वाइंडिंग जळलं म्हणून पैसे घेणारे आहेत, आणि लोक देतातही. त्यामुळे आधी उघडून दाखवणारा, मग आकडा सांगणारा आणि "हे आज नको" म्हणणारा कारागीर मी ओळखतो. कुत्र्याच्या डॉक्टरची पारख करायला मला दुसरी पद्धत येत नाही.

पण तुम्ही मला काही प्रश्न शिकवलेत. तुमच्या खुर्चीसमोर बसून मी विचारलं होतं, उद्या तुम्ही नागपूर सोडलं तर आम्ही डॉक्टर कसा शोधायचा? तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, आधी पशुवैद्यक परिषदेतला नोंदणी क्रमांक पाहा, पदवीशिवाय सुया टोचणारे गावोगावी आहेत. रात्री फोन कोण उचलतो ते विचारा. जुने रिपोर्ट हातात देतात का ते पाहा, कारण रिपोर्ट स्वतःकडे ठेवून घेणाऱ्याकडून दुसरीकडे जाताना सगळ्या तपासण्या नव्यानं कराव्या लागतात. आणि लस कुठे ठेवता ते विचारा. हा शेवटचा प्रश्न माझ्या आवडीचा. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही. तुमच्या फ्रिजला वेगळा इन्व्हर्टर आहे हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. वायरिंग कोणी केलं माहीत नाही, पण बरं केलंय.

लसीच्या बाबतीत मात्र तुम्ही तीन रकाने केले नाहीत. रेबीजची लस दर वर्षी, पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या साथीच्या रोगांची ठरल्या वेळी, इथं काटकसर चालणार नाही, संपलं. रेबीज एकदा दिसायला लागला की औषध नाही, मग जनावर असो की माणूस. पार्व्होचं पिल्लू सलाईनवर ठेवायचा खर्च लसीच्या कितीतरी पट. बाटलीवरचं लेबल काढून तुम्ही राणीच्या पुस्तकात चिकटवता, तारखेसकट. आमच्या पोट्टीला तिच्या स्वतःच्या लसीच्या कार्डापेक्षा ते पुस्तक जास्त आवडतं.

आता ऑपरेशनचं. राणीचं रक्त भरून आल्यावर तुम्ही नसबंदीचा विषय काढला. आई तयार नव्हती. तुम्ही तिला पायोमेट्रा समजावला. नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात, बहुतेक माजानंतर काही आठवड्यांनी, पू भरतो, आणि मग रात्री-अपरात्री तेच ऑपरेशन अशक्त जनावरावर, जास्त जोखमीनं आणि कितीतरी जास्त पैशात करावं लागतं. आई बोलली, "मंग आताच करून टाका नं बाप्पा." मी पैसे काढायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे नको. सेमिनरी हिल्सला जा."

हे मी विसरणार नाही. तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात कमी पैशात होईल, तिथं यंत्रं आहेत, शिकवणारे सर्जन आहेत, आणि तुम्ही स्वतः तिथंच शिकलात. १९५८ सालचं कॉलेज, माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालयही आपल्याच गावात, आणि माझ्यासारख्या जन्मानं नागपूरकराला तिथं खासगी कुत्रं नेता येतं हेही ठाऊक नव्हतं! मला वाटायचं तिकडे गाई-म्हशीच जातात. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की पैसा वाचेल पण वेळ जाईल. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, रात्रीपासून पोट रिकामं ठेवा, सगळे रिपोर्ट सोबत घ्या. तसंच झालं. रांगेत माझ्या पुढे बकरी होती, मागे एक पर्शियन मांजर. राणीभोवती विद्यार्थ्यांचं कोंडाळं, सर त्यांना प्रश्न विचारताहेत, आणि ही शेपटी हलवतेय जणू परीक्षा तीच घेऊन राहिली आहे. टाके काढायला तुमच्याकडे आलो तर तुम्ही फक्त ड्रेसिंगचे पैसे घेतले.

एका बाबतीत मात्र मला तुमचं पटत नाही. फोनवरच्या सल्ल्याचे तुम्ही पैसे घेत नाही. घ्या. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापणारे लोक तुमच्या टेबलावर फीसाठी घासाघीस करताना मी पाहिलेत, आणि तुम्ही गप्प बसता. आधी खर्च सांगणारा डॉक्टर टिकायचा असेल तर त्याची फीही भरली गेली पाहिजे. रिक्षावाल्याच्या कुत्र्याला फुकट तपासता ते तपासा, त्याला माझी ना नाही. बाकीच्यांना सोडू नका.

तुमच्याच सांगण्यावरून आम्ही पतसंस्थेत रोजचं डेली कलेक्शन सुरू केलंय, राणीसाठी. सीझनमध्ये जास्त, पावसाळ्यात थोडं. विम्याचीही चौकशी केली होती, पण अटी वाचून तुम्हीच म्हणालात की तिच्या वयाला आणि झालेल्या आजाराला पाहता हप्त्यापेक्षा हेच बरं. पतसंस्थेच्या एजंटनं पासबुकावर कोणाचं नाव टाकू विचारलं तेव्हा पोट्टी म्हणाली राणीचं. त्यानं आधारकार्ड मागितलं. शेवटी नाव माझंच, पण घरात सगळे त्याला राणीचं खातं म्हणतात, आणि दिवाळीत पैसे कमी पडले तेव्हाही त्याला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही.

पुढच्या महिन्यात रेबीजची लस आहे, तेव्हा येतोच. तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या कूलरचा पंप घरघर करून राहिलाय, मागच्या वेळी ऐकला. नवीन घेऊ नका, बहुतेक नुसता गाळ बसलाय. मी सोबत पाना घेऊन येतो.

आपला,
राणीचा बाप,
मोटर वाइंडिंगवाला, नंदनवन, नागपूर