रिस्क रिपोर्टातला आकडा कसा काढला तेपण लिहा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

२०१८ मध्ये गोव्यात वास्कोजवळच्या चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला तेव्हा आजूबाजूच्या लोकांना घरं सोडावी लागली, आणि तरी अजून एखाद्या प्लांटच्या रिस्क रिपोर्टात मोठा अपघात 'दहा लाख वर्षांत एकदा' असं वाचलं की आपण निर्धास्त होतो. मी मेंटेनन्समध्ये काम करतो म्हणून कळकळीने सांगतो, हा आकडा कुठल्या पद्धतीने काढलाय ते आधी विचारा.

एक पद्धत फॉर्म्युल्याची, फॉल्ट ट्री वगैरे, म्हणजे कुठले बिघाड मिळून अपघात होतो त्याची झाडासारखी आकृती काढून शक्यतांचा हिशेब करायचा. उत्तर झटपट येतं, हिशेब कागदावर तपासता येतो. पण त्यात बरेचदा धरलेलं असतं की प्रत्येक मशीन आपापलं वेगळं बिघडतं. समजा फायर पंप दोन आहेत आणि गरजेच्या वेळी प्रत्येक पंप १०० मध्ये १ वेळा चालू होत नाही, तर दोन्ही एकदम बंद पडणार १०,००० मध्ये १ वेळा. पण त्या बिघाडांतले १० टक्के जरी दोघांना एकत्र गाठणारे असले तर तोच आकडा हजारात १ च्या आसपास येतो, म्हणजे धोका दहापट! आणि वास्को-मुरगावात दोन्ही पंप एकाच खाऱ्या हवेत गंजतात, बरेचदा एकाच फीडरवर (विजेच्या लाईनवर) असतात, जूनमध्ये गडगडाट होऊन लाईट गेली की दोन्ही ठप्प. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ मध्ये इमर्जन्सी जनरेटर कमी नव्हते, त्सुनामीच्या पाण्याने बहुतेक सगळे एकदमच गेले. फॉर्म्युल्यातही हे घालता येतं, पण घातलंय का ते कोण बघतो?

दुसरी सिम्युलेशनची, माँटे कार्लो. कम्प्युटरवर प्लांट लाखो वेळा चालवून बघायचा, त्यात गंज, पावसाळा, स्पेअर मुंबईहून येईपर्यंतचा खोळंबा सगळं घालता येतं. मला हीच जास्त पटते, पण १ लाख रनमध्ये (एक रन म्हणजे प्लांटचं एक वर्ष धरा) अपघात एकदाही दिसला नाही तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की शक्यता लाखात ३ पेक्षा कमी आहे, दहा लाखात १ म्हणायला ते पुरत नाही. आणि बिघाडाचा डेटा कुठल्यातरी कोरड्या गावचा असेल तर उत्तरही त्याच गावचं येणार.

म्हणून सरकारने सक्ती करावी की पब्लिक हिअरिंगच्या आधी जो सारांश लोकांना मिळतो त्यात पद्धत, गृहीतकं आणि डेटा कुठला ते लिहायचं, मोठ्या टाक्यांसाठी दोन्ही पद्धतींचे आकडे द्यायचे, आणि त्यात फरक आला तर तो का आला ते कंपनीच्या इंजिनिअरने गावासमोर सांगायचं.

आपला,
एक मेंटेनन्स इंजिनिअर, वास्को