जगप्रदक्षिणा : आधी मार्ग, मग माइल्स

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जगप्रदक्षिणेवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख होती. मात्र शेवटच्या चौकटीतला सल्ला खटकला, म्हणून हे पत्र. जास्तीत जास्त माइल्स (विमान प्रवासासाठी वापरता येणारे बक्षीस गुण) देणारे क्रेडिट कार्ड घ्या, दोन-तीन वर्षे माइल्स जमवा आणि मग जगाचा नकाशा उघडा, असा त्या चौकटीचा सूर होता. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. आधी नकाशा, मग विमान कंपन्यांचा गट, मग त्या गटातला फ्रिक्वेंट फ्लायर कार्यक्रम (प्रवाशाच्या खात्यात माइल्स जमा करणारी योजना), आणि कार्ड घ्यायचेच असेल तर सगळ्यात शेवटी.

मी मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आरक्षण कार्यालयातून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला गेली, त्यामुळे तिकिटाच्या मागचे बारीक अक्षर वाचायची खोड जडली ती जडलीच. मुलगा टोरंटोला आहे, मुलगी मेलबर्नला. दोघांकडे एकाच फेरीत जावे, वाटेत युरोप पाहावा, आणि कुठे किती दिवस राहायचे ते तिथे गेल्यावर ठरवावे, असा आम्हा नवराबायकोचा बेत आहे. सुनेच्या घरी आठवडाभर राहायचे की दोन महिने, हे नागपुरात बसून कसे ठरवणार?

रेल्वेत सर्क्युलर तिकीट असते. निघाल्या स्टेशनला परत यायचे, मधे आठपर्यंत थांबे घ्यायचे, आणि भाडे लांब पल्ल्याच्या उतरत्या दराने. पण हे तिकीट हातात आले म्हणजे बर्थ मिळाला असे होत नाही. प्रत्येक टप्प्याचे आरक्षण वेगळे करावे लागते. विमानाचे ‘राउंड द वर्ल्ड’ तिकीट मला या सर्क्युलर तिकिटाचा थोरला भाऊ वाटते. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाचे तिकीट मैलांच्या टप्प्यांवर चालते : 29 हजार, 34 हजार, 39 हजार मैल, आणि थांबे पंधरापर्यंत. वनवर्ल्ड या दुसऱ्या गटाचे ‘एक्सप्लोरर’ तिकीट किती खंडांना पाय लावता यावर चालते आणि त्यात प्रवासाचे सोळापर्यंत टप्पे असतात. दोन्हीकडे दिशा एकच धरायची, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदा ओलांडायचे, ज्या देशातून निघालो त्याच देशात संपवायचे आणि वर्षाच्या आत परत यायचे. तारखा बदलणे सोपे असते. मार्ग बदलायचा म्हटले की तिकीट नव्याने काढावे लागते आणि पैसे मोजावे लागतात. शिवाय विमानातल्या जागा भाड्यानुसार अक्षरांच्या श्रेणींत वाटलेल्या असतात; ज्या श्रेणीत हे तिकीट बसते तिथल्या जागा संपलेल्या असतील, तर विमान अर्धे रिकामे जात असूनही तुम्ही खालीच. तेव्हा ‘मोकळे तिकीट’ हा शब्द जपून घ्यावा. तारीख मोकळी असते, वाट नसते.

आता नागपूरचे. लेखातली प्रत्येक सहल मुंबईहून सुरू होते. मुंबईला पोहोचायचे कसे, हा आमचा प्रश्न लेखकाला पडलेला नाही. इथल्या सोनेगाव विमानतळाहून सुटणारी बरीचशी विमाने इंडिगोची, आणि इंडिगो स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम या तिन्ही जागतिक गटांपैकी कशातच नाही. म्हणजे नागपूर-मुंबई इंडिगोने आणि पुढे जगाचे तिकीट, असे दोन वेगळे कागद झाले. पहिले विमान उशिरा पोहोचले आणि पुढचे सुटले, तर पुढच्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही. एकाच तिकिटावर असाल, तर तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवणे हे त्यांचे काम. एअर इंडिया जुलै 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे नागपूर-दिल्ली हा टप्पा त्याच तिकिटात घालता येतो. कतार एअरवेज 2013 पासून वनवर्ल्डमध्ये आहे आणि तिने नागपूर दोह्याशी जोडले, तो दुसरा दरवाजा. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की एमिरेट्स कोणत्याच गटात नाही. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा दुबईत आहे, ते फक्त तिथेच जातात-येतात. त्यांना एमिरेट्सचाच कार्यक्रम पुरतो, आणि त्यांना हे सगळे पुराण सांगायची गरज नाही.

आमचा मार्ग कागदावर मांडला तो असा : नागपूर, दिल्ली, फ्रँकफर्ट, टोरंटो, व्हँकुव्हर, ऑकलंड, मेलबर्न, सिंगापूर, दिल्ली, नागपूर. एअर इंडिया, लुफ्तान्झा, एअर कॅनडा, एअर न्यूझीलंड आणि सिंगापूर एअरलाइन्स, सगळ्या एकाच गटातल्या. ढोबळ बेरीज 26 हजार मैलांच्या आसपास येते, म्हणजे 29 हजारांच्या टप्प्यात बसून थोडे हातात उरते. एक खुबी मात्र सांगते. आम्हाला युरोपात रेल्वेने फिरायचे आहे (दुसरे काय?). फ्रँकफर्टला उतरून रोमहून उडालो, तर मधले जमिनीवरचे अंतरही स्टार अलायन्सच्या मैलांत धरले जाते, रेल्वेचे तिकीट आपण आपल्या खिशातून काढले असले तरी. वनवर्ल्डमध्ये असा जमिनीवरचा तुकडा सोळा टप्प्यांतला एक खातो. म्हणून रेल्वेने कितीही भटका, पण शक्य असेल तर उतरलात तिथूनच उडा.

वनवर्ल्डचा मार्गही काढून पाहिला. दोहा, लंडन, टोरंटो, लॉस एंजेलिस, मेलबर्न असा तो होतो. फिरायला छान आहे, पण लॉस एंजेलिसला नुसते विमान बदलायचे म्हटले तरी भारतीय पारपत्राला अमेरिकेचा व्हिसा लागतो. व्हँकुव्हरमार्गे गेले की ती मुलाखतच टळते. लंडनची आणखी एक गंमत : ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशावर ‘एअर पॅसेंजर ड्युटी’ नावाचा कर आहे, उतरणाऱ्यावर नाही. लांब पल्ल्याला तो चांगलाच बोचतो. लंडन पाहायचे असेल त्यांनी तिथे विमानाने उतरावे आणि युरोपच्या दुसऱ्या शहरातून पुढे उडावे.

दिशा कोणती, याचे उत्तर व्हिसा देतो. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, आणि पर्यटक म्हणून तिसऱ्याच देशात असताना तिथून तो करणे सहसा जमत नाही. पूर्वेकडे निघालो तर युरोप शेवटी येईल आणि मुलीकडे मुक्काम लांबला की व्हिसाचे गणित कोसळेल. म्हणून पश्चिमेकडे निघायचे आणि युरोप आधी उरकायचा. तसेही मे महिन्यात नागपूर सोडायला कुणाला आवडणार नाही? कॅनडा थंडीच्या आत, मेलबर्न तिथल्या उन्हाळ्यात, आणि संक्रांतीपर्यंत घरी.

एवढे झाल्यावर माइल्सकडे वळावे. पुष्कळांना वाटते की एअर इंडियाने उडालो म्हणजे माइल्स एअर इंडियाच्याच खात्यात जायला हवेत. तसे नाही. गटातल्या कुठल्याही कंपनीच्या कार्यक्रमाचा क्रमांक देता येतो, फक्त एका उड्डाणाचे माइल्स एकाच खात्यात जमा होतात. किती जमा होतात ते बहुतेक वेळा तिकिटाच्या श्रेणीच्या अक्षरावर ठरते. स्वस्त अक्षरांना काही कार्यक्रम पाव हिस्सा देतात, काही शून्य. प्रत्येक कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर हा तक्ता असतो. तो पाहिल्याशिवाय क्रमांक देऊ नये.

माझ्यासारख्या वर्ष-दोन वर्षांतून एकदा उडणाऱ्या माणसाने पहिली गोष्ट पाहावी ती मुदत. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमाचे माइल्स तीन वर्षांनी संपतात, तुम्ही मधे उडा की न उडा. लुफ्तान्झाच्या माइल्स अँड मोअरची साधारण मुदतही 36 महिन्यांची. युनायटेडने 2019 मध्ये मुदतच काढून टाकली. एअर कॅनडाच्या एरोप्लानमध्ये अठरा महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट (त्यांच्याकडचे माइल्स) जातात. एखादी छोटी जमा झाली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. मला एरोप्लान पटले. मुलगा तिथेच असल्यामुळे खाते हलते ठेवणे सोपे, कुटुंबातल्यांचे पॉइंट एकत्र करता येतात, आणि एकेरी प्रवासाच्या बक्षीस (म्हणजे पॉइंट देऊन काढलेल्या) तिकिटावर 5 हजार जादा पॉइंट देऊन मधे एक मुक्काम घेता येतो. ज्यांचा मुलगा सिंगापूरला आहे त्यांचे उत्तर वेगळे येईल, आणि ते बरोबरच असेल.

दुसरी गोष्ट, रद्द करण्याचा नियम. मोकळ्या प्रवासात हा मुदतीइतकाच मोलाचा. काही कार्यक्रम बक्षीस तिकीट रद्द केल्यावर माइल्स बिनबोभाट परत देतात, काही दर वेळी शुल्क घेतात. आणि ‘फुकट’ तिकीट फुकट नसते. कर भरावेच लागतात, शिवाय काही कंपन्या इंधनाच्या नावाने इतका अधिभार लावतात की तेवढ्यात दुसरीकडचे विकत तिकीट आले असते. एरोप्लान हा अधिभार लावत नाही, हे त्याच्या बाजूने आणखी एक. बक्षिसाच्या जागा मुळात थोड्या. त्यात दोघांना एकाच विमानात हव्या असल्या की आणखी थोड्या. म्हणून आम्ही जगाचे तिकीट पैसे देऊन काढणार आहोत आणि त्यावर मिळणारे पॉइंट पुढच्या वेळी मुलांकडे जायला ठेवणार आहोत.

लेखात सांगितले तसे वर्षानुवर्षे साठवत बसणे मला धोक्याचे वाटते. किंगफिशर 2012 मध्ये जमिनीवर आली. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली; पॉइंट वेगळ्या कंपनीकडे असल्याने वाचले, पण ज्या विमानांत बसायचे म्हणून लोकांनी जमवले ती विमानेच उरली नाहीत. विस्तारा नोव्हेंबर 2024 मध्ये एअर इंडियात विलीन झाली. स्कँडिनेव्हियाची एसएएस तर 1997 मध्ये स्टार अलायन्स स्थापन करणाऱ्या पाच कंपन्यांपैकी एक. तीही सप्टेंबर 2024 मध्ये स्कायटीमला जाऊन मिळाली. आणि जपानच्या एएनए या विमान कंपनीची जगप्रदक्षिणेची बक्षीस योजना, जिच्यासाठी जगभरचे हौशी लोक माइल्स गोळा करत, ती जून 2025 मध्ये बंद झाली. आपल्या लेखातल्या ‘दोन-तीन वर्षे जमवा’ या वाक्याला हा इतिहास जोडायला हवा होता.

कार्डाबद्दल थोडक्यात. सीताबर्डीवरच्या एका एजंटाने मला तिकिटाआधी कार्डाचाच फॉर्म पुढे केला होता. कार्डावरचे पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळवले की ते परत येत नाहीत. तेव्हा हवी ती जागा डोळ्यांनी दिसेपर्यंत ते बँकेतच राहू द्यावेत. बँकेत असेपर्यंत कोणत्या कार्यक्रमात टाकायचे हा पर्याय आपल्या हाती असतो. मोकळेपणा हवा असेल तर तो इथे सापडतो. वार्षिक शुल्क मात्र पहिल्याच दिवशी विचारावे.

एक गोष्ट विशेषतः माझ्या वयाच्या बायकांसाठी. पारपत्रावर आपले नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असे तिन्ही असते. कुणाच्या दुसऱ्या कागदांवर अजून माहेरचे नाव असते. कार्यक्रमाचे खाते उघडताना मुले घाईघाईत मधले नाव गाळतात, तिकिटावर ते पहिल्या नावाला चिकटून येते, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून माइल्स जमाच होत नाहीत. खाते पारपत्रावर आहे तस्सेच उघडावे. आणि बोर्डिंग पास फेकू नयेत. महिन्याभरात खात्यात जमा दिसली नाही तर दावा करताना तोच पुरावा लागतो.

संपादक महोदय, पुरवणीत पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा निदान एक सहल नागपूरहून सुरू करावी, सोबत व्हिसाचा क्रम द्यावा, आणि कार्डाची शिफारस असलेल्या चौकटीत माइल्सची मुदतही त्याच आकाराच्या अक्षरात छापावी. मार्गाचा तक्ता करून हवा असेल तर मी बसून देईन. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो, निदान मे महिन्यापर्यंत तरी.

आपली,
एक निवृत्त आरक्षण पर्यवेक्षक
मनीषनगर, नागपूर